या वयात शोभतं का?

मराठीत एक प्रश्न असा आहे की ज्याला उत्तर अपेक्षितच नसतं. ‘या वयात शोभतं का?’ विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, समोरच्याने फक्त मान खाली घालायची. भडक रंगाची साडी नेसलेल्या आजीला, सत्तरीत दुसरं लग्न करणाऱ्या विधुराला आणि रिटायर झाल्यावर तबला शिकायला निघालेल्या काकांना तो विचारून झाला, की उरलासुरला आपण रॉकवाल्या म्हाताऱ्यांना विचारतो. स्टोन्सचं नवं गाणं आलं, विचारा. डिलन पुन्हा दौऱ्यावर निघाला, विचारा. ‘ऐंशीचा झाला की रे तो, आता घरी बस म्हणावं! नातवंडं खेळव!’

(नातवंडांचा मुद्दा जॅगरच्या बाबतीत जरा गुंतागुंतीचा आहे. २०१४ मध्ये तो पणजोबा झाला आणि २०१६ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्याला आठवं मूल झालं. पण ते असो.)

हा प्रश्न माझ्या डोक्यात जातो. का जातो, ते आज एकदाचं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट म्हणजे ही ओरड नवीन नाही. एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले. तेव्हा आमच्या ऑफिसात कोण काय म्हणालं ते मला चांगलं आठवतंय. ‘बघून घ्या, शेवटचं दर्शन!’, ‘स्टेजवर अँब्युलन्स ठेवलीय का?’ वगैरे वगैरे. तेव्हा जॅगर आणि कीथ रिचर्ड्स ५९ वर्षांचे होते. चार्ली वॉट्स ६१. आमच्या ऑफिसात त्या वयाची माणसं फायली हातावेगळ्या करत होती, प्रमोशनसाठी भांडत होती, आणि त्यांना कुणी ‘शेवटचं दर्शन’ म्हणत नव्हतं. ब्रेबॉर्ननंतर वीस वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्याच बँडची ‘हॅकनी डायमंड्स’ आली. स्वतः रचलेल्या नव्या गाण्यांचा १८ वर्षांतला पहिला अल्बम. चार्ली २०२१ मध्येच गेला होता, पण जाण्याआधी त्याने वाजवून ठेवलेले ड्रम्स त्यातल्या दोन गाण्यांवर आहेत. २००३ चे विनोदवीर सगळे रिटायर होऊन आता सकाळी फिरायला जातात. मीही आता त्यांच्या मागोमाग निघालोय म्हणा, म्हणजे फिरायला नव्हे, रिटायर व्हायला. ब्रेबॉर्नवरच्या जॅगरचं जे वय होतं तेच आज माझं आहे. म्हणून हा विषय मला जरा जवळून लागतो.

‘पण रॉक हे तरुणांचंच संगीत आहे ना?’ हा आवडता युक्तिवाद. यात थोडा दोष रॉकवाल्यांचाही आहे, हे कबूल करायला हवं. १९६५ मध्ये ‘द हू’च्या पीट टाउन्सेंडने विशीत ‘माय जनरेशन’ लिहिलं आणि म्हातारपणाबद्दल जे काही त्यात म्हटलं ते बिचाऱ्याला आयुष्यभर ऐकवलं गेलं. पंचेचाळिसाव्या वर्षी ‘सॅटिस्फॅक्शन’ गाण्यापेक्षा मेलेलं बरं, अशा अर्थाचं जॅगरही सत्तरच्या दशकात बोलून बसला होता. विशी-तिशीत माणूस काय वाट्टेल ते बोलतो. आपणही ‘मी कधीच नोकरी करणार नाही’ म्हणत होतो. त्यावरून कुणाला धरून ठेवायचं का?

आणि रॉक जिथून आलं ते संगीत तरुणांचं नव्हतंच! स्टोन्सनी १९६२ मध्ये बँडचं नावच घेतलं ते मडी वॉटर्सच्या गाण्यावरून, आणि मडी तेव्हा पन्नाशीला टेकलेला होता. मिसिसिपी जॉन हर्टची गोष्ट तर दंतकथेसारखी आहे. १९२८ मध्ये त्याने काही गाणी रेकॉर्ड केली, ती फारशी चालली नाहीत, तो परत गावी जाऊन शेतात राबायला लागला. पस्तीस वर्षांनी एका जुन्या गाण्यातल्या ॲव्हलॉन या गावाच्या नावावरून माग काढत एक पठ्ठ्या तिथे पोचला, तर म्हातारा तिथेच! १९६३ च्या न्यूपोर्ट महोत्सवात सत्तरीतला हा गृहस्थ गिटार घेऊन बसला आणि लोक वेडे झाले. जॉन ली हुकरचा ‘द हीलर’ १९८९ चा, तो तेव्हा सत्तरी ओलांडलेला. ब्लूजमध्ये सुरकुत्या ही पात्रता समजतात. इंग्लंडातल्या पोरांनी या म्हाताऱ्यांचं संगीत उचललं, आणि रेकॉर्ड कंपन्यांनी ते ‘तरुणाईचा आवाज’ म्हणून विकलं. गंमत बघा, ‘हॅकनी डायमंड्स’चं शेवटचं गाणं म्हणजे मडी वॉटर्सचं तेच गाणं, ज्यावरून नाव घेतलं ते. फक्त जॅगर आणि कीथ, बाकी कुणी नाही. ते वाजवायला त्यांना साठ वर्षं लागली, आणि विशीत त्यांनी ते असं वाजवलंच नसतं.

आपल्याकडे हे समजायला इतकं अवघड जाऊ नये. गंगूबाई हनगल किंवा मल्लिकार्जुन मन्सूर उतारवयात गायला बसले की आपण ‘गाणं पिकलंय’ म्हणायचो. मग साता समुद्रापलीकडच्या म्हाताऱ्याने गिटार उचलली की आपल्याला एकदम हसू का येतं?

आता खरा मुद्दा. ‘घरी बसा’ म्हणणारा एक वर्ग आहे. दुसरा वर्ग म्हणजे भक्तमंडळी, तिकिटाला पगार मोजणारे, काळा टी-शर्ट घालून जाणारे. हे दोन वर्ग एकमेकांचे शत्रू आहेत असं वाटतं ना? मला ते एकच वाटतात. पहिल्याला म्हातारा दिसायला नको असतो. दुसऱ्याला म्हातारा चालतो, पण त्याने १९७२ सालातलंच वाजवायला हवं. ‘आता आमच्या नव्या अल्बममधलं एक...’ असं स्टेजवरून ऐकू आलं की अर्धं मैदान बियर आणायला उठतं, उरलेलं बाथरूमला. पॉल मॅकार्टनी हे स्टेजवरूनच बोलून दाखवतो: बीटल्सचं गाणं सुरू केलं की हजारो मोबाईल चमकतात, आकाशगंगा दिसते, नवीन गाणं काढलं की समोर कृष्णविवर. तरी आम्ही ते वाजवणारच, असंही तो पुढे म्हणतो. लोक हसतात. मला नाही हसू येत. लॉकडाउनमध्ये घरच्या स्टुडिओत बसून जवळपास सगळी वाद्यं स्वतः वाजवून अल्बम करणारा (‘मॅकार्टनी ३’, डिसेंबर २०२०) अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आहे तो. गाणं सुचणं अजून थांबलेलं नाही त्याचं. आणि आपण त्याला सांगतो काय, तर ‘हे जूड’ घे.

ही मागणी वयाची वाटही बघत नाही. नील यंगवर त्याच्याच रेकॉर्ड कंपनीने, गेफेनने, १९८३ मध्ये ३३ लाख डॉलरचा दावा ठोकला होता. गुन्हा काय, तर तो नील यंगसारखं वाजवत नाही! तेव्हा तो अडतिशीत होता. दावा पुढे मागे घेतला, डेव्हिड गेफेनने माफीही मागितली. पण कंपनीने निदान कागदावर लिहून दिलं. श्रोते तोच दावा रोज मनातल्या मनात लावतात. तू स्वतःची झेरॉक्स काढत राहा, शाई फिकी झाली तर आम्ही नावं ठेवू, आणि नवीन काही लिहिलंस तर वाचणार नाही.

या मागणीचं टोक कुठे जातं ते २ डिसेंबर २०२३ ला न्यूयॉर्कमध्ये दिसलं. ‘किस’ बँडने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शेवटचा कार्यक्रम केला, आणि ते स्टेजवरून जाताच पडद्यावर त्यांचे डिजिटल अवतार आले. यापुढे हे वाजवतील म्हणे! ना गुडघे दुखणार, ना सूर लागायचा राहणार, ना कधी नवं गाणं सुचणार. आपल्याला हवं होतं ते हेच. (‘ॲबा’ने लंडनमध्ये २०२२ पासून असाच अवतारांचा कार्यक्रम सुरू केला, पण त्या चौघांनी त्याआधी, २०२१ मध्ये, चाळीस वर्षांनी एकत्र येऊन नवा अल्बमही केला. तेवढं त्यांना माफ.)

बायकांच्या बाबतीत तर हे आणखी वाईट. जॅगरच्या सुरकुत्यांना ‘कॅरेक्टर’ म्हणतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्रॅमीच्या स्टेजवर चौसष्ट वर्षांची मॅडोना आली आणि दोन दिवस जगभर चर्चा कशाची, तर तिच्या चेहऱ्याची. म्हातारी दिसली असती तरी बोलले असते, म्हातारी दिसायची नाही म्हणून काही केलं तरी बोलले. तिने सडेतोड उत्तर दिलं, ते बरं केलं.

बरं, एक गोष्ट मान्य. म्हाताऱ्यांचे सगळे नवे अल्बम चांगले असतात असं माझं अजिबात म्हणणं नाही. पुष्कळसे टाकाऊ असतात. ‘अ बिगर बँग’मधली पाच-सहा गाणी काढून टाकली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. ‘हॅकनी डायमंड्स’चंही पहिलं गाणं मला बेतास बातच वाटतं, ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’ मात्र सात मिनिटं अंगावर काटा आणतं. नुसत्या पैशासाठी फिरणारेही आहेतच, मूळचा एकही माणूस न उरलेले बँडसुद्धा आहेत. त्यांची वकिली मी करत नाहीये. माझं म्हणणं एवढंच, की गाणं वाईट असेल तर ‘गाणं वाईट आहे’ म्हणा. ‘वय झालं’ म्हणू नका. पंचविशीतल्या बँडचा अल्बम पडला तर कुणी त्यांच्या वयाला दोष देतं का?

आणि पैशाचं म्हणाल तर डिलनने २०२० च्या डिसेंबरमध्ये आपल्या सगळ्या गाण्यांचे लेखनहक्क युनिव्हर्सलला विकले. सात पिढ्या बसून खातील. नोबेल २०१६ मध्येच घरात आलेलं. मग हा माणूस का लिहितो? मार्च २०२० मध्ये, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, त्याने केनेडींच्या हत्येवरचं जवळजवळ सतरा मिनिटांचं गाणं सोडलं, आणि ते बिलबोर्डच्या एका यादीत पहिलं आलं. त्याच्या स्वतःच्या नावावरचं पहिलंवहिलं नंबर एकचं गाणं, ७८ व्या वर्षी! मग ‘रफ अँड राउडी वेज’ आला. पुढे २०२१ ते २०२४ तो हाच अल्बम घेऊन गावोगाव फिरला आणि जवळपास अख्खा वाजवला. ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ नाही, ‘ब्लोइंग इन द विंड’ नाही. मोबाईल दारातच पिशवीत बंद. आवडत नसेल तर येऊ नका. तिकीट काढून गेलेले कित्येक जण वैतागले, आणि त्यांचा वैताग वाचून मला फार समाधान झालं.

लेनर्ड कोहेनचं उदाहरण तर मुंबईकरांना माहीत असायलाच हवं. पाच वर्षं कॅलिफोर्नियातल्या झेन मठात काढून, तरीही नैराश्य सुटेना म्हणून, १९९९ मध्ये हा थेट मुंबईत आला. कशासाठी? रमेश बाळसेकरांच्या घरी रोज सकाळी बसायला. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियातून १९७७ मध्ये निवृत्त झालेले बडे अधिकारी. निवृत्तीनंतर खेतवाडीत निसर्गदत्त महाराजांकडे जायला लागले, महाराजांचं मराठी बोलणं परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत सांगायला लागले, आणि १९८२ मध्ये, पासष्टीला, महाराजांच्या शिकवणुकीवरचं आपलं पुस्तक घेऊन आले. पुढे पुस्तकांची रांगच लागली. म्हणजे एक माणूस पेन्शन सुरू झाल्यावर नव्याने सुरू झालेला, आणि त्याच्यासमोर बसलेला दुसरा माणूस, ज्याला आपण संपलो असं वाटत होतं. कोहेन नंतरही इथे येत राहिला. मग मॅनेजरने पैसे लुबाडल्याचं उघड झालं आणि ७३ व्या वर्षी, २००८ मध्ये, पोटासाठी त्याला पुन्हा दौऱ्यावर निघावं लागलं. तीन-तीन तास गायचा, गुडघ्यांवर बसून गायचा, आणि स्टेजवरून जाताना उड्या मारत जायचा. निघाला पैशासाठी हे खरं, पण मग थांबला नाही. २०१२, २०१४, २०१६, असे तीन अल्बम. शेवटच्या वेळी कण्याच्या दुखण्याने हलता येत नव्हतं, तर मुलाने घरातच माइक लावला आणि म्हाताऱ्याने दुखण्याच्या खास खुर्चीत बसून ‘यू वॉन्ट इट डार्कर’ गायला. २१ ऑक्टोबर २०१६ ला अल्बम आला, ७ नोव्हेंबरला हा गेला. त्या अल्बममधला आवाज तिशीतला कोहेन काढूच शकला नसता. खर्जाच्याही खाली कुठेतरी आहे तो.

त्याच वर्षी जानेवारीत बोवी. एकोणसत्तराव्या वाढदिवसाला ‘ब्लॅकस्टार’ आला आणि दोन दिवसांनी बातमी. कॅन्सर आहे हे जवळच्या मोजक्यांनाच माहीत होतं. मरणाच्या दारात उभं राहून त्याने कुणाला बोलावलं, तर न्यूयॉर्कच्या जॅझ वाजवणाऱ्यांना, म्हणजे आपण कधी न केलेलं काहीतरी करू म्हणून. सत्तावीस वर्षांच्या मृत्यूंचं आपल्याला फार कौतुक. हेंड्रिक्स, जोप्लिन, मॉरिसन, कोबेन. पोस्टर लावतो आपण त्यांची, कारण ते कधी म्हातारे होऊन आपली निराशा करणार नाहीत. मला ते पोस्टर आता बघवत नाही. त्या पोरांची साठीतली गाणी आपल्याला मिळाली नाहीत, यात कौतुक कसलं?

मुंबईतलं एक छोटं उदाहरण. ‘रॉक मशीन’ १९८४ मध्ये सुरू झालं, १९९३ मध्ये त्याचं ‘इंडस क्रीड’ झालं, १९९७ मध्ये बँड फुटला. २०१० मध्ये पुन्हा एकत्र आल्यावर त्यांना कॉलेजच्या आठवणी काढणाऱ्यांसमोर जुनी गाणी वाजवत दहा वर्षं आरामात काढता आली असती. त्यांनी २०१२ मध्ये नवा अल्बम काढला, ‘इव्हॉल्व्ह’. माझ्या ओळखीत ‘प्री-रीयुनियन’ गाणी पाठ असणारे किमान पंधरा जण आहेत. ‘इव्हॉल्व्ह’ पूर्ण ऐकलेला एक. तो मी नव्हे, माझा भाचा.

आता नातेवाईक मंडळींनो, तुमच्याकडे वळतो. आपली मावशी. कुठली ते सांगायला नको. दर मुंजीला, दर डोहाळजेवणाला, तिला हाताला धरून पुढे आणता आणि तेच एक भावगीत म्हणायला लावता. १९७५ पासून तेच. ‘मावशी, तुझं ते गाणं!’ ती म्हणते, दुसऱ्या कडव्याला आवाज चिरकतो, कुणीतरी कौतुकाने ‘वयाच्या मानाने’ म्हणतं. हे ‘वयाच्या मानाने’ तिला ऐकू येतं बरं का, कानाचं मशीन चांगलं आहे तिचं. गेल्या सहा-सात वर्षांत तिने स्वतः चाली बांधल्यात, खालच्या पट्टीत, तिच्या आताच्या गळ्याला झेपतील अशा. वही टीव्हीखालच्या खणात असते. त्यातली एक चाल दिवेलागणीच्या वेळेची आहे, पेटीवर तीन सुरांतच फिरत राहते, आणि ऐकून मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांनी विचारलं, ‘नवीन काय केलंस?’ मोजून सांगा. एकाने तर, नाव घेत नाही, ‘आता या वयात कशाला त्रास करून घेतेस’ असंही म्हटलं. त्रास तिला पेटीचा होत नाहीये, एवढं लक्षात घ्या. पुढच्या महिन्यात बारसं आहेच. बघू.

‘पण आवाज उतरतो, हात थरथरतो, त्याचं काय?’ उतरतोच. ऑझीला पार्किन्सन्स झाला होता, तरी २०२२ मध्ये नवा अल्बम केला. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये शेवटचा कार्यक्रम सिंहासनावर बसून केला, उभं राहता येत नव्हतं म्हणून. आणि २२ जुलैला गेला. पण आवाज उतरला म्हणजे गाणं उतरलं, हे कुणी ठरवलं? जोनी मिचेलने ‘बोथ साइड्स नाऊ’ हे गाणं तेविसाव्या वर्षी लिहिलं. ढग, प्रेम, आयुष्य, सगळं दोन्ही बाजूंनी बघून झालंय असं सांगणारं गाणं, तेविसाव्या वर्षी! १९६९ च्या अल्बमवर ती ते किती गोड, उंच आवाजात गाते. मग २००० मध्ये, ५६ व्या वर्षी, ऑर्केस्ट्रा घेऊन तेच गाणं पुन्हा. सिगरेटींनी आवाज घोगरा झालेला, वरच्या पट्ट्या गेलेल्या, आणि प्रत्येक शब्दापाशी ती जरा थांबते. २०१५ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला, चालणं-बोलणं पुन्हा शिकावं लागलं. गिटारवर बोटं कुठे ठेवायची ते तिने स्वतःचेच जुने व्हिडिओ बघून शिकून घेतलं आणि २०२२ मध्ये न्यूपोर्टला वाजवलं. २०२४ च्या ग्रॅमीला, ऐंशीव्या वर्षी, खुर्चीत बसून पुन्हा हेच गाणं.

तर ज्यांना अजून ‘शोभतं का’ विचारायचंय त्यांनी एक करा. १९६९ चं आणि २००० चं, दोन्ही लागोपाठ ऐका. मोबाईलच्या स्पीकरवर नको, नीट हेडफोन लावून. मग घरी या भांडायला. चहा मी टाकतो.